घराचा दिवस

जानेवारी संपता संपता आमच्या घरात दोन दिवस पाळले जात. पहिला साऱ्या देशाचा, ३० जानेवारी. दुसरा फक्त आमचा, २ फेब्रुवारी. पहिल्याला आजी ‘गांधींचा दिवस’ म्हणायची आणि दुसऱ्याला ‘घराचा दिवस’. मधे दोनच दिवसांचं अंतर, पण तिने ते दोन दिवस कधी एकमेकांत मिसळू दिले नाहीत. घरातल्या बाकीच्यांना ते जमलं नाही, आणि त्यावरून जे वाद व्हायचे ते ऐकतच मी मोठा झालो.

पुण्यात शनिवार पेठेतल्या वाड्यात आमच्या दोन खोल्या होत्या. ३० जानेवारीला सकाळी अकराच्या ठोक्याला भोंगा वाजायचा. बाबा असतील तिथे उभे राहायचे. एकदा त्यांच्या गालाला साबण लागलेला होता आणि हातात वस्तरा, तरी ते दोन मिनिटं तसेच आरशासमोर ताठ उभे होते. थोरले काका खुर्चीत बसून राहायचे. नुसते बसायचे नाहीत, त्या दोन मिनिटांत वर्तमानपत्राची पानं मुद्दाम जोरात उलटायचे. दुसरा भोंगा होईपर्यंत त्या पानांचाच आवाज खोलीत असायचा.

आजी मात्र उभीही राहायची नाही आणि बसायचीही नाही. तिचं काम चालू असे. मी शाळेत शिकलेला मोठेपणा दाखवत तिला एकदा म्हटलं, “आजी, आता शांत उभं राहायचं असतं.” ती म्हणाली, “आत्ता कशाला? ते संध्याकाळी गेले.”

तिचा हिशेब खरा होता. ३० जानेवारी १९४८, शुक्रवार. दिल्लीत बिर्ला भवनात सरदार पटेलांशी बोलणं लांबलं आणि गांधीजींना सायंप्रार्थनेला उशीर झाला. मनू आणि आभा या दोघींच्या खांद्यांवर हात ठेवून ते झपझप हिरवळीवर आले आणि पाच वाजून सतरा मिनिटांनी नथुराम गोडसेने समोरून तीन गोळ्या झाडल्या. आजीला या सगळ्यात त्या उशिराचं फार वाटायचं. “प्रार्थनेला उशीर झालेला त्यांना खपत नसे,” असं ती घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलायची. संध्याकाळी दिवा लावून ती टकळी घेऊन बसायची. डाव्या हातात पेळू, उजव्या हाताने टकळीला गिरकी. पेळू संपेपर्यंत सूत काढायची, मग ते गुंडाळून फडताळात ठेवायची. त्या सुताचं पुढे काही व्हायचं नाही. वर्षाला एक पेळू, एवढंच.

ही टकळी तिच्याकडे आली ती औंध संस्थानामुळे. आमचं गाव आटपाडीच्या मुलखातलं, म्हणजे माणदेशातलं. आटपाडीचा हा तुकडा औंधच्या पंतप्रतिनिधींच्या ताब्यात होता. सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते आणि स्वतः चित्रकार असलेले भवानराव पंत तेव्हा राजे होते. १९३८ साली त्यांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती द्यायचं ठरवलं. त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब आणि मूळचे पोलंडचे इंजिनियर मॉरिस फ्रीडमन सेवाग्रामला गांधीजींकडे गेले आणि त्यांच्या सल्ल्याने राज्यघटना तयार झाली. १९३९ मध्ये ती अमलात आली. गावोगाव पंचायती, आणि मत द्यायचं तर लिहिता-वाचता आलं पाहिजे ही गांधीजींची अट. याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मोकळी वसाहत उभी राहिली. पुढे १९५७ मध्ये याच वसाहतीवर बेतलेला शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ आला, त्याची कथा याच मुलखातल्या गदिमांची. घटना आली तेव्हा आजी गावातली तरुण सून. रात्रीच्या वर्गात तिने पाटीवर स्वतःचं नाव गिरवलं आणि त्याच वर्गात टकळीही शिकली. तिच्या लेखी अक्षर, सूत आणि गांधी एकाच दिवशी घरात आले होते.

ज्या माणसाने या टीचभर संस्थानाच्या गावांना आपला कारभार आपण करायला सांगितलं, त्याच्या खुनानंतर तिसऱ्या दिवशी त्याच मुलखात घरं पेटली.

पश्चिम महाराष्ट्रात जे झालं त्याला जुनी माणसं एकाच शब्दाने ओळखतात, ‘जळीत’. मारेकरी पुण्याचा, आणि ब्राह्मण. बातमी पसरली तशी आधी पुण्या-मुंबईत दगडफेक सुरू झाली, मग साताऱ्याकडे, सांगली-मिरजेकडे, कोल्हापुरात आणि पार आडगावांपर्यंत आग गेली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. मुंबईत सावरकरांचे धाकटे बंधू डॉ. नारायणराव जमावाच्या दगडांनी रक्तबंबाळ झाले. आमच्या भागात बहुतेक ठिकाणी माणसांना आधी बाहेर काढलं आणि मग घराला काडी लावली. आगीमागे नुसता शोक नव्हता. सावकारीच्या खतांमध्ये दोन-दोन पिढ्या अडकल्या होत्या, सत्यशोधकांच्या काळापासून सातारच्या शेतकऱ्याच्या मनात कुळकर्ण्याचा राग साचलेला होता, आणि नाना पाटलांच्या पत्री सरकारच्या दिवसांत गावोगावच्या तरुणांनी आपल्या हातात जोर आहे हे पाहिलं होतं. एका नीच कृत्याने या सगळ्याला वाट करून दिली. व्यंकटेश माडगूळकरांनी यावर ‘वावटळ’ ही कादंबरी लिहिली. त्यापलीकडे मराठीत यावर फार कमी लिहिलं गेलं, पण घरोघर बोललं मात्र खूप गेलं, आणि जो तो आपापल्या बाजूचंच बोलला.

आमच्या घरातली गोष्ट अशी सांगितली जायची. आजोबा कोर्टाच्या कामाला सांगलीला गेलेले. घरात आजी, तिची सासू म्हणजे माझी पणजी, बारा वर्षांचे काका, आठ वर्षांचे बाबा आणि सहा महिन्यांची आत्या. सोमवारी दुपारी बाहेरगावचा जमाव आला. माळवदाचं घर तसं लवकर पेटत नाही, वर मातीचा थर असतो. पण राकेल ओतल्यावर किलचणाने पेट घेतला, तुळया जळाल्या आणि रात्री माळवद धाडदिशी खाली बसलं. भिंतीतल्या बळदात ज्वारी होती. ती मातीखाली आठ दिवस धुमसत राहिली. आजी सांगायची, उकरून काढली तर वरची कोळसा झालेली, मधली लाह्यांसारखी भाजलेली आणि तळाची चांगली. ती तळाची दोन पोती त्यांनी पुण्याला आणली. “वर्षभर भाकरीला धुराचा वास यायचा. तुझे बाबा तोंडाला लावायचे नाहीत.” आणि ती रात्र? ती रात्र, काका सांगायचे, शेजारच्या पाटलांच्या मळ्यात खोपटात काढली. मळा, खोपट, कडब्याची गंजी, वरती चांदणं. काका हे इतकं बारकाईने सांगायचे की मला त्या कडब्याचा वास येई.

२ फेब्रुवारीला आजी संध्याकाळी चूल पेटवायची नाही. सकाळची शिळी भाकरी आणि लाल तिखट, तेलही नाही. त्याबद्दल ती काही बोलत नसे. आम्ही समजायचो, घराचं सुतक असेल.

काकांचं म्हणणं सरळ होतं. “ज्याच्यापायी आपलं घर गेलं त्याच्यासाठी मी उभा राहणार नाही.” त्यांची शाळा बुडाली होती. पुढे सरकारने पुन्हा घरं उभारायला कर्ज दिलं, ज्याला सगळे ‘जळिताचं कर्ज’ म्हणत. आजोबांनी ते घेतलंच नाही, गावाकडे परत तोंड केलं नाही. मग १९५७ च्या एक एप्रिलला, कृषकदिनी, उरलीसुरली जमीन कुळांच्या नावावर गेली. काकांच्या डोक्यात हे सगळं एकाच नावाशी जोडलं गेलेलं होतं. फाळणीचं, पाकिस्तानला द्यायच्या पंचावन्न कोटींचं जे काही त्यांनी पुढे वाचलं, ते या रागाला खतपाणी घालायला वाचलं. कॉलेजात असताना मी त्यांच्याशी कडाकडा भांडायचो. मारेकऱ्याच्या कृत्यात अर्थ शोधणाऱ्या माणसाचा मला संताप यायचा, आजही येतो. पण जळत्या घरासमोर कडेवर बहीण घेऊन उभा असलेला बारा वर्षांचा मुलगा मला तेव्हा दिसत नव्हता, हेही खरं.

दुसऱ्या टोकाला आजीचे सख्खे भाऊ, आमचे मामाआजोबा. सेवादलातले, साने गुरुजींचे भक्त. गांधीहत्येनंतर गुरुजींनी एकवीस दिवसांचा उपवास केला. मामाआजोबाही त्या दिवसांत एकवेळ जेवत होते. दरवर्षी ३० जानेवारीला ते खादीचा स्वच्छ सदरा घालून आमच्याकडे यायचे आणि जळिताचा विषय निघाला की हात वर करायचे. “एवढा मोठा माणूस गेला, ताई. त्यापुढे आपल्या चार भिंतींचं काय?” आजी त्यांना चहा द्यायची आणि आत यायची. एकदा स्वयंपाकघरात ती माझ्याशीच बोलावं तसं म्हणाली, “याला माझी चूल कधी दिसली नाही.”

काकांनाही तिने एकदाच उत्तर दिलेलं मी ऐकलं. काका भोंग्याच्या वेळी पानं फडफडवत होते. ती पोळपाट पुसत होती. “घर गांधींपायी नाही गेलं रे. गोळी झाडणाऱ्यापायी गेलं. आणि जाळणाऱ्यांपायी. त्यांचं त्यांच्यापाशी. म्हाताऱ्याला त्यात कशाला ओढतोस?” काका काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या वर्षी पानं पुन्हा वाजलीच.

आजी १९९१ मध्ये गेली. तिच्या फडताळात सुताच्या लहान लहान गुंड्या निघाल्या, पहिल्या काही पिवळ्या पडलेल्या. त्या मोजायचा धीर आम्हा कुणाला झाला नाही.

१९९८ मध्ये पन्नास वर्षं झाली. त्या वर्षी तारीख-वार सगळं जुळलं होतं, ३० जानेवारी शुक्रवार आणि २ फेब्रुवारी सोमवार. बाबा अठ्ठावन्न वर्षांचे, नुकतेच निवृत्त झालेले. शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी एकाएकी विचारलं, “येतोस का गावाला?” आठव्या वर्षी गाव सोडलेला माणूस पन्नास वर्षांनी पहिल्यांदा तिकडे निघाला.

आमच्या घराचं आता जोतं तेवढं शिल्लक होतं. काळ्या घडीव दगडाचं, तीन पायऱ्या शाबूत. त्यावर कुणीतरी पत्र्याची शेड टाकून दूध गोळा करायचं केंद्र चालवलं होतं. सोमवारी आम्ही पोचलो तेव्हा किटल्यांचा खणखणाट चालू होता आणि दुधाचा आंबूस वास येत होता. बाबा दुसऱ्या पायरीवर हात टेकून बसले. बातमी गावात फिरली असावी, कारण थोड्याच वेळात काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ आले. पाटलांच्या घरातले, बाहत्तरीचे. सगळे त्यांना आबा म्हणत होते. त्यांनी बाबांना बराच वेळ न्याहाळलं. “धाकला नव्हं तू?” म्हणाले आणि शेजारी बसले.

आबा विचारायची वाट न बघता बोलू लागले. “गांधीबाबाला मारल्यालं आमाला शनवारी कळलं. माझा बा ढसाढसा रडला. दोन दिस आमच्यात चूल न्हाई पेटली. आमी नाना पाटलांच्या सभा ऐकल्याली माणसं. आन् सोमवारी ती माणसं आली. तीनशे-चारशे हुती. म्हनली, तुमच्या गावातलं अजून उभं कसं?” ते थांबले. “पयलं घर न्हाई पेटवलं. पयली खतं भाईर काढली. तुमच्या आज्याच्या बापाची सावकारी हुती. माझा बा त्या ढिगाऱ्यापशी वाकून आपला कागद हुडकत हुता. घावला. त्यानं सवता जाळात टाकला.”

बाबांनी मान हलवली. आबा जमिनीकडे बघत पुढे म्हणाले, “त्या राती बा जेवला. गांधीबाबा गेल्यापासनं जेवला नव्हता, त्या राती जेवला. मी न्हाई जेवलो. मला त्येचं जेवनं बघवलं न्हाई.”

किटल्या उचलणारा पोरगा काम सोडून ऐकत उभा होता. आबांनी त्याला हाताने जायची खूण केली. “मग कुळकायदा आला. तुमची नऊ एकर आमच्या नावावर झाली, कायद्यानं. कुनाचं घर न जाळता. नऊ वरसं थांबायचं हुतं, बास.” हे बोलताना त्यांनी बाबांकडे पाहिलं नाही. माफी मागायचा त्यांचा हेतू नव्हता, आणि आम्हीही ती घ्यायला गेलो नव्हतो. पन्नास वर्षं मनात फिरवलेला एक हिशेब त्यांनी मांडला, एवढंच मला जाणवलं. काकांच्या ‘गेलेल्या जमिनीला’ आणि आबांच्या ‘मिळालेल्या जमिनीला’ सातबाऱ्यावर एकच गट नंबर होता.

बाबा म्हणाले, “त्या रात्री आम्ही तुमच्या मळ्यात होतो. तेवढे उपकार आहेत.”

आबांनी चमकून वर पाहिलं. “आमच्या मळ्यात? कोन म्हनलं?” मग हळू आवाजात, “न्हाई. माझ्या बानं कवाड लावून घेतलं हुतं. तुमची आय दारात हुबी हुती. मी आत. कडी काढायची माझी छाती झाली न्हाई.” काठी उचलून त्यांनी गावाच्या पूर्वेला दाखवलं. “ते तिकडं इचारा. आक्का हाय अजून.”

पूर्वेला म्हणजे बौद्धवाड्यात. तेव्हाच्या महारवाड्यात.

आक्का साठी उलटलेल्या, जळिताच्या वेळी पंधरा-सोळा वर्षांची सून. ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. आत भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिला ताजा हार. बाबांनी आपलं नाव सांगितलं तेव्हा त्यांनी हातातल्या शेंगा सुपात टाकल्या. “कुलकर्न्याचा? ताप आल्याला तो का थोरला?”

“धाकटा.”

“मग ताप तुलाच हुता,” त्या म्हणाल्या. “गुळाचा च्या पाजला हुता तुला. जर्मनच्या वाटीतनं.”

बाबा एकदम खाली बसले. नंतर परतीच्या एस्टीत ते मला म्हणाले की अंधारात गोड, काळा, धुरकट काहीतरी प्यायल्याचं त्यांना जन्मभर आठवत होतं, पण ते स्वप्न असावं असं ते धरून चालले होते.

आक्का सांगत होत्या. त्यांच्या सासऱ्यांनी दार उघडलं. आजी लेकरांना घेऊन आत आली. पणजी आत आली नाही. सोवळ्याची बाई, ती बाहेर लिंबाखाली बसून राहिली. पौषाची थंडी. “मामंजींनी तिला शेकोटी करून दिली. लाकडं लांबनं ठेवली, म्हातारी घाबरू नये म्हनून. रातभर जागी हुती. तांबडं फुटायला वड्यावर गेली, आंगूळ केली, तशीच वल्ल्या लुगड्यानं पुढं चालाय लागली.”

“आणि आमची आई?”

“तिला भाकर दिली. कालची. वर तिखट. भाकर हातात धरून लई येळ बसली. मला वाटलं न्हाई खायची. बाहेर म्हातारी बघती. मग खाल्ली. सारी खाल्ली.”

मळ्यातलं ते खोपट पहिल्यांदा कुणी रचलं, हे विचारायला आता घरात कुणी उरलं नव्हतं. पणजीचा शब्द राखायला आजोबांनी, की लोकांत मान राहावा म्हणून काकांनी. आजीने मात्र ते कधी खोडलंही नाही आणि स्वतः कधी म्हटलंही नाही. त्रेचाळीस वर्षांत तिच्या तोंडून ‘मळा’ हा शब्द ऐकल्याचं बाबांना आठवत नव्हतं.

मी आक्कांना विचारलं, गांधीजी गेले तेव्हा इथे काय वाटलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. “वाईट वाटलं. माणूस मारायचा नव्हता. पर आमच्या मामंजींच्या मनात पुने कराराची सल हुती. त्येंचं दैवत बाबासाहेब. आमचा रडायचा दिस सहा डिसेंबर.” मग सूप पुढे ओढून म्हणाल्या, “आन् दुसऱ्या दिशी पाटलानं मामंजींना बोलवून घेतलं. जळकी लाकडं रस्त्यातनं उचला म्हनून. जाळली त्येंनी, उचलली आमी. येठच ती.” महार वतन बंद करणारा कायदा व्हायला त्यानंतर दहा वर्षं जायची होती.

तिन्हीसांजा होत आल्या. आक्कांनी सुनेला हाक मारून चूल पेटवायला सांगितली. बाबा उठले, एस्टी चुकेल म्हणाले. आक्का म्हणाल्या, “बस की दादा. भाकर टाकती.” आणि मग, काहीतरी राहून गेल्यासारखं त्यांनी विचारलं, “तुझी आय पुढं कधी बोलली का आमचं?”

बाबा काय सांगतात याची मी वाट पाहत होतो. त्यांनी सांगितलं की बोलली नाही. पण दरवर्षी आजच्या दिवशी चूल न पेटवता ती शिळी भाकरी आणि कोरडं तिखट खायची, शेवटच्या वर्षापर्यंत.

“सारी खायची?” आक्कांनी विचारलं.

“सारी.”

आक्कांनी सुनेला पुन्हा हाक मारली. “ऱ्हाऊ दे गं चूल. सकाळच्या भाकरी काढ.” बाबांनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं आणि ओसरीवर मांडी घालून बसले.